‘तान’ आणि ‘तहान’ : एका शब्दाची वंशकथा

पुण्याहून ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मुळशी तालुक्यात पिरंगुट हे गाव आहे. तेथील किंवा आसपासच्या कोणत्याही वाडीवरील प्राथमिक शाळेत उन्हाळ्याच्या दिवसांत सहज घडू शकेल असा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. दुसरीच्या वर्गातील एक मूल उभे राहते आणि म्हणते, “गुरुजी, तान लागली.” गुरुजींच्या मनात मुलाविषयी माया असते, पण भाषेविषयी दक्षताही असते. ते म्हणतात, “तान नव्हे, तहान म्हण.” वर्गात हशा पिकतो. मूल ओशाळते, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटते आणि खाली बसते. पाणी प्यावयाचे राहूनच जाते. दुसऱ्या दिवशी त्याला तहान लागते तेव्हा ते उभेच राहत नाही.

वरवर पाहता हा प्रसंग क्षुल्लक आहे. परंतु त्यात दोन प्रश्न दडलेले आहेत. मुलाचा शब्द खरोखर चुकीचा होता काय, हा पहिला प्रश्न. आणि त्या क्षणी शब्द महत्त्वाचा होता की तहान, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक शिक्षकाचे अंतःकरण देईल. पहिल्याचे उत्तर मात्र शब्दाच्या इतिहासात शोधावे लागते. तो इतिहास शिक्षकांना ठाऊक असल्यास शुद्ध-अशुद्धाचा निवाडा अधिक समजूतदारपणे होईल, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शब्दाचा प्रवास

‘तहान’ हा तद्भव शब्द आहे. म्हणजे तो संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला नसून शतकानुशतके लोकांच्या तोंडी घोळत, झिजत, बदलत मराठीत आलेला आहे. त्याचे मूळ संस्कृत रूप ‘तृष्णा’ हे होय. ‘तृष्णा’ आणि ‘तहान’ ही रूपे शेजारी ठेवली तर त्यांचे नाते चटकन पटत नाही. पण मधल्या पायऱ्या दाखविल्या म्हणजे ते स्पष्ट होते.

पहिली पायरी प्राकृताची. प्राकृतात ‘तृष्णा’चे ‘तण्हा’ झाले. येथे दोन बदल एकदम घडले. एक, ‘ऋ’चा ‘अ’ झाला. ‘तृण’ या शब्दाचे मराठीत ‘तण’ झाले, ‘मृत्तिका’ची प्राकृतात ‘मट्टिआ’ व मराठीत ‘माती’ झाली, तोच हा बदल. दुसरा बदल असा की ‘ष्ण’ या जोडाक्षराचे ‘ण्ह’ झाले. ‘कृष्ण’चे ‘कण्ह’ होऊन आपला ‘कान्हा’ आला आणि ‘उष्ण’चे ‘उण्ह’ होऊन आपले ‘ऊन’ आले, ते याच वाटेने.

दुसरी पायरी जुन्या मराठीची. प्राकृतातील जोडाक्षर मराठीत येताना सैल झाले, की त्याच्या मागचा ऱ्हस्व स्वर बहुधा दीर्घ होतो. ‘सप्त’, ‘सत्त’, ‘सात’ किंवा ‘हस्त’, ‘हत्थ’, ‘हात’ ही मालिका सर्वांच्या परिचयाची आहे. त्याच रीतीने ‘तण्हा’चे ‘तान्ह’ झाले. शेवटचा ‘आ’ गळाला; परंतु शब्दाचे स्त्रीलिंग तसेच राहिले. ‘भिक्षा’ची भीक, ‘जिह्वा’ची जीभ, ‘बुभुक्षा’ची भूक आणि ‘तृष्णा’ची तहान हे सारे शब्द मराठीत अजून ‘ती’ आहेत. मूळचा ‘आ’ लोपला, तरी त्याने दिलेले लिंग लोपले नाही. जुन्या मराठीत ‘तान्ह’ आणि तहानलेल्या माणसास ‘तान्हेला’ ही रूपे आढळतात, ती या पायरीवरची.

तिसरी पायरी म्हणजे आजचे प्रमाणरूप. ‘तान्ह’ या रूपात ‘ह’ शेवटी होता. तो आपली जागा सोडून शब्दाच्या आरंभाकडे सरकला आणि ‘तहान’ हे रूप तयार झाले. वर्णांच्या अशा जागाबदलास व्याकरणात वर्णविपर्यय म्हणतात. हा प्रकार एकट्या तहानेच्या वाट्याला आलेला नाही. संस्कृत ‘श्लक्ष्ण’ याचे प्राकृतात ‘लण्ह’ झाले आणि त्यातील ‘ह’ असाच पुढे सरकून मराठीत ‘लहान’ हा शब्द आला. तहान आणि लहान हे शब्द कवितेत यमक म्हणून जुळतात. इतिहासातही त्यांची चाल तितकीच जुळते.

भाज्याचे टाके

‘ष्ण’चे ‘ण्ह’ झाल्याचा पुरावा पाहण्यासाठी पोथ्याच धुंडाळाव्या लागतात असे नाही. मुळशीला लागून असलेल्या मावळ तालुक्यात भाजे येथे प्राचीन बौद्ध लेणी आहेत. तेथे पाण्याच्या एका टाक्यावर ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत कोरलेला लहानसा लेख आहे. हे टाके कोसिकीचा पुत्र महारठी विण्हुदत याचे दान असल्याचे त्यात नमूद आहे. टाक्यासाठी तेथे ‘पोढि’ हा शब्द योजिलेला आहे.

‘विण्हुदत’ म्हणजे संस्कृत ‘विष्णुदत्त’. ज्या नियमाने ‘विष्णु’चा ‘विण्हु’ झाला, त्याच नियमाने ‘तृष्णा’ची ‘तण्हा’ झाली. सह्याद्रीच्या या भागातील लोक सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ‘ष्ण’च्या ठिकाणी ‘ण्ह’ म्हणत होते, याची ही दगडावरची साक्ष आहे. आणि योगायोग असा की ती साक्ष पाण्याच्या टाक्यावर, वाटसरूंची व भिक्षूंची तहान भागविणाऱ्या दानाच्या निमित्ताने कोरली गेली. भाज्याला सहल नेणाऱ्या शिक्षकांनी चैत्यगृहाबरोबर हे टाकेही मुलांना आवर्जून दाखवावे.

बोलीतील ‘तान’

आता मुलाच्या शब्दाकडे वळावे. मुलाने उच्चारलेले ‘तान’ हे रूप ‘तहान’ या प्रमाणशब्दाचा अपभ्रंश आहे, अशी बहुतेकांची समजूत असते. वस्तुतः ‘तान्ह’ या जुन्या रूपातील ‘ह’चा श्वास हळूहळू क्षीण होत गेला व ‘तान’ उरले, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. ‘तान्ह’ या एकाच खोडाला दोन फांद्या फुटल्या. एका फांदीवर ‘ह’ जागा बदलून टिकला आणि ‘तहान’ झाली. दुसरीवर तो गळाला आणि ‘तान’ झाली. कोकणी भाषेतही तहानेला ‘तान’च म्हणतात आणि तेथे ते रूप कोणी अशुद्ध मानीत नाही.

याहून बलवत्तर पुरावा प्रमाण मराठीच्या स्वतःच्याच घरात आहे. ‘उष्ण’पासून ‘उन्ह’ आले. पण आज आपण ‘ऊन’ लिहितो. म्हणजे येथे प्रमाणभाषेनेच ‘ह’ टाकून दिला. तो पुरता गेला आहे असेही नाही. ‘उन्हात’, ‘उन्हाचे’, ‘उन्हाळा’ म्हणताना तो लपलेल्या जागेतून बाहेर येतो. ‘उन्ह’चे ‘ऊन’ झाले ते शुद्ध आणि ‘तान्ह’चे ‘तान’ झाले ते मात्र अशुद्ध, असा भेद ध्वनिशास्त्राच्या आधारे करता येणार नाही. दोन्ही शब्द एकाच रस्त्याने चालले. एकाला ग्रंथांनी व शाळांनी मान्यता दिली, दुसऱ्याला दिली नाही, इतकाच फरक.

याचा अर्थ प्रमाणरूप शिकवू नये असा मुळीच नाही. प्रमाणभाषा ही सर्व महाराष्ट्राची सामाईक पेठ आहे. तेथे चालणारे नाणे प्रत्येक मुलाच्या गाठी असलेच पाहिजे. लिहिताना ‘तहान’ लिहावे, हे मुलास शिकविणे शिक्षकाचे कर्तव्य आहे. मात्र ते शिकविताना ‘तुझा शब्द चूक, पुस्तकातील बरोबर’ असे सांगण्यापेक्षा ‘घरी आपण तान म्हणतो, पुस्तकात तहान लिहितात, दोन्ही एकाच आईची लेकरे’ असे सांगणे अधिक खरे आहे आणि अधिक परिणामकारकही आहे. मुलाची बोली हे त्याच्या आईचे बोलणे असते. तिला हसणे म्हणजे नकळत त्याच्या घराला हसणे होय.

कोरडेपणा : शब्दाचा मूळ अर्थ

‘तृष्णा’ ज्या ‘तृष्’ धातूपासून निघाली, त्याचा संस्कृतातील अर्थ तहान लागणे असा आहे. या धातूची भावंडे इराणी व युरोपीय भाषांत आढळतात. या भाषांचे परस्परांशी व संस्कृताशी असलेले नाते सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढील व्याख्यानात प्रतिपादन केले. पुढे अनेक विद्वानांनी ते नियमबद्ध रीतीने सिद्ध केले. अवेस्तेच्या भाषेत तहानेला ‘तर्श्न’ म्हणत. फारसीत तहानलेला तो ‘तिश्ना’. जर्मन भाषेत तहानेला ‘दुर्स्ट’ व इंग्रजीत ‘थर्स्ट’ म्हणतात, ते याच कुळातील शब्द होत.

परंतु ग्रीक व लॅटिन भाषांतील भावंडांनी एक जुनी खूण जपून ठेवली आहे. तेथे या धातूचा अर्थ सुकणे, कोरडे होणे, भाजणे असा आहे. लॅटिनमधील भाजणे या अर्थाच्या ‘टोरेरे’ या क्रियापदापासूनच पुढे इंग्रजी ‘टोस्ट’ आला. म्हणजे चहात बुडवून खाण्याचा टोस्ट आणि आपली तहान यांचे दूरचे गोत्र एकच आहे. टोस्टही कोरडा आणि तहानलेला घसाही कोरडा!

यावरून असे दिसते की मानवाने या संवेदनेला प्रथम नाव दिले, ते आपल्या शरीरात काय होते ते पाहून दिले. ‘मला पाणी हवे’ असे न म्हणता ‘मी सुकलो’ असे तो म्हणाला. मराठी माणूस अजूनही तसेच म्हणतो. घशाला कोरड पडली, तोंड सुकले, जिवाला शोष पडला, हे सारे प्रयोग त्या आदिम अर्थाची पुनरुक्तीच करतात.

अगदी निराळ्या कुळातील कन्नड भाषेतही तहानेचा शब्द ‘बायारिके’ असा आहे. ‘बायि’ म्हणजे तोंड आणि ‘आरु’ म्हणजे सुकणे. तेलुगूत तहानेस ‘दाहम्’ म्हणतात, तो संस्कृत ‘दाह’ म्हणजे जळणे. कुळ वेगळे, ध्वनी वेगळे. परंतु अनुभव एक असल्याने अर्थाची घडण सारखीच झाली.

शरीरशास्त्रही या जुन्या शब्दाला दुजोरा देते. घाम, श्वास व लघवी यांवाटे पाणी कमी होऊन रक्तातील क्षारांचे प्रमाण शेकडा एक-दोन इतके जरी वाढले, तरी मेंदूच्या तळाशी असलेल्या विशिष्ट भागास त्याची वर्दी मिळते, लाळ कमी होते, तोंड कोरडे पडते आणि पाण्याची ओढ लागते. म्हणजे तोंडाची कोरड ही शरीराने वाजविलेली घंटा असते. ‘तृष्’ धातू योजणाऱ्या पूर्वजांना हे शास्त्र ठाऊक नव्हते. त्यांना ही घंटा मात्र ऐकू येत होती.

दुसरे घराणे : पिपासा, पाणी आणि पोई

संस्कृतात तहानेला आणखी एक शब्द आहे, तो ‘पिपासा’. हा शब्द ‘पा’ म्हणजे पिणे या धातूपासून झाला. धातूच्या आद्याक्षराची द्विरुक्ती करून ‘अमुक करण्याची इच्छा’ असा अर्थ साधण्याची संस्कृतात एक रीत आहे. तिने ‘पा’पासून पिण्याची इच्छा म्हणजे पिपासा, ‘ज्ञा’पासून जाणण्याची इच्छा म्हणजे जिज्ञासा, ‘भुज्’पासून खाण्याची इच्छा म्हणजे बुभुक्षा आणि ‘श्रु’पासून ऐकण्याची इच्छा म्हणजे शुश्रूषा हे शब्द सिद्ध होतात. गुरूचे ऐकण्याची इच्छा, मग गुरूची सेवा आणि शेवटी आजाऱ्याची सेवा असा ‘शुश्रूषा’चा अर्थ सरकत गेला.

हिंदीतील ‘प्यास’ या ‘पिपासा’चीच लेक आहे. हिंदीने भूक व प्यास हे दोन्ही शब्द इच्छादर्शक घराण्यातून घेतले. मराठीने भूक तेथून घेतली, पण तहान मात्र कोरडेपणाच्या घराण्यातून घेतली. गुजराती भाषेतील ‘तरस’ हाही ‘तृष्’च्याच कुळातील शब्द आहे. त्यामुळे गुजराती मूल ‘तरस लागी’ म्हणाले, तर मराठी मुलांना एखादे रानटी जनावर त्याच्या मागे लागल्याचा भास होईल! आपले ‘तरस’ हे जनावर निराळ्या, ‘तरक्षु’ या शब्दापासून आले आहे.

‘पा’ धातू मराठीत तहानेच्या रूपाने आला नसला, तरी तिच्या उताऱ्याच्या रूपाने आला. ‘पाणी’ हा शब्द ‘पानीय’ म्हणजे ‘पिण्याजोगे’ यापासून झाला आहे. संस्कृतात जल, उदक, नीर, तोय अशी अनेक नावे असताना लोकभाषेने उचलले ते नेमके तहानलेल्या माणसाने दिलेले नाव. नदीचे असो, विहिरीचे असो वा समुद्राचे असो, आपण प्रत्येक पाण्याला ‘पिण्याजोगे’ असेच म्हणत आलो आहोत.

‘पाणपोई’ या शब्दातील ‘पोई’ ही ‘प्रपा’ या संस्कृत शब्दापासून, ‘पवा’ या प्राकृत रूपावाटे आली. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात, त्याने नद्यांच्या दोन्ही तीरांवर वाटसरूंसाठी प्रपा उघडल्याचा उल्लेख आहे. हालाच्या गाथासप्तशतीत अशाच एका पोईचे चित्र आहे. पाणी घालणारी तरुणी आणि पिणारा वाटसरू यांना एकमेकांकडे पाहत राहावेसे वाटते. म्हणून तो ओंजळीची बोटे विरळ करून पाणी सांडू देतो आणि तीही धार अधिकाधिक बारीक करते. तहान केव्हाच भागलेली असते. दुसरीच एक तहान लागलेली असते.

तहान आणि तृष्णा

एकच शब्द तद्भव व तत्सम अशा दोन रूपांनी भाषेत नांदू लागला, की दोघांमध्ये कामाची वाटणी होते. मराठीत ‘तहान’ने शरीर घेतले आणि ‘तृष्णा’ने मन घेतले. उन्हातून आलेल्या पाहुण्याला तहान लागते. धनाची, सत्तेची लागते ती तृष्णा. तहान पेलाभर पाण्याने भागते. तृष्णा भागविण्याने वाढते. पाली भाषेत मात्र ही वाटणी झालेली नाही. तेथे ‘तण्हा’ हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी येतो, आणि भगवान बुद्धांनी दुःखाचे कारण म्हणून जी सांगितली, ती हीच तण्हा. हा शब्द ऐकणाऱ्या शेतकऱ्याला व वाटसरूला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल. तो त्याच्या घशातच होता.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वरुणाला उद्देशून रचलेले एक लहान सूक्त आहे. पाण्याच्या मध्यभागी उभा असतानाही आपल्याला तृष्णेने गाठले, अशी व्यथा त्यात स्तोत्रकर्ता मांडतो आणि दयेची याचना करतो. इतक्या प्राचीन काळी हा शब्द या विलक्षण प्रसंगी योजला गेला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कारण पाण्याच्या मध्यभागी लागलेली तहान मुळशी तालुक्याला अपरिचित नाही.

या तालुक्याच्या पश्चिम भागात पाऊस उदंड पडतो. परंतु खडक काळा, कठीण व डोंगरउतार तीव्र असल्याने पडलेले पाणी मुरण्यापेक्षा वाहून जाते आणि उंचावरील वाड्यांना चैत्र-वैशाखात हंडा घेऊन दूर जावे लागते. मुळशीचे धरण टाटांच्या वीजकंपनीने बांधले. त्यात जमिनी जाणाऱ्या मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह आरंभिला व सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. या जलाशयाचे पाणी डोंगरातून पश्चिमेकडे, कोकणातील भिरा येथे वीज निर्माण करण्यासाठी नेले जाते. समोर पाण्याचा विस्तार दिसावा आणि घरातील हंडा रिकामा असावा, ही स्थिती ज्या मुलाने पाहिली आहे, त्याला ‘तहान’ या शब्दाचा अर्थ कोशातून सांगण्याची गरज नाही. उलट त्याचा अनुभव ऐकून घेतला, तर वर्गालाच नवा अर्थ कळेल.

तहान आणि शाळा

तहान सर्वांना सारखी लागते. पाणी मात्र सर्वांना सारखे मिळत नव्हते, हाही या शब्दाच्या अर्थाचाच एक भाग आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बालपणीच्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, शाळेत त्यांना नळाला हात लावता येत नसे. शिपायाने नळ उघडून दिला तरच पाणी मिळे. शिपाई नसला की तहानलेलेच राहावे लागे. १९०१ साली भावंडांसह वडिलांकडे जाण्यास निघालेल्या या मुलाजवळ अन्न होते, परंतु पाणी कोणी दिले नाही. म्हणून ती मुले तशीच उपाशी राहिली. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाड येथे चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन त्यांनी जे केले, त्याचा आरंभ एका शाळेतील तहानेत होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

म्हणून शाळेत ‘तहान’ हा शब्द केवळ शुद्धलेखनाचा विषय नाही. पाणी मागणाऱ्या मुलाचा आवाज कोणत्याही कारणाने, जातीच्या, गरिबीच्या, परक्या भाषेच्या किंवा गावंढ्या उच्चाराच्या कारणाने दबता कामा नये. लहान मुले खेळाच्या भरात तहान विसरतात. लाजरी मुले ती सांगत नाहीत. पाणी कमी पडल्याने डोके दुखू लागते, लक्ष उडते आणि असे मूल ‘मठ्ठ’ ठरते. केरळ राज्यातील शाळांत २०१९ साली मुलांना पाणी पिण्याची आठवण करून देणारी स्वतंत्र घंटा वाजविण्याची पद्धत सुरू झाली. घंटेसाठी वेगळा खर्च लागत नाही. ज्या शाळेत पाण्याची सोय आहे, तेथे शिक्षकांनी मनावर घेतल्यास हा उपक्रम उद्यापासून चालू होऊ शकेल.

वर्गात काय करता येईल

तिसरी-चौथीच्या वर्गासाठी या शब्दावर पुढीलप्रमाणे पाठ घेता येईल.

१. प्रत्येक मुलाने आपल्या घरी तहानेला काय म्हणतात ते सांगावे. पिरंगुट परिसरात कारखाने वाढल्यापासून दूरदूरच्या जिल्ह्यांतील व परप्रांतांतील कामगारांची मुले शाळांत येत आहेत. त्यांच्या तोंडून तान, तहान, प्यास, बायारिके असे जे जे शब्द येतील, ते फळ्यावर मुलाच्या उच्चाराप्रमाणे लिहावेत. कोणत्याही शब्दापुढे चुकीची खूण करू नये. त्यानंतर ‘आपण सर्वांनी लिहिताना वापरावयाचा शब्द’ म्हणून ‘तहान’ मोठ्या अक्षरांत लिहावा.

२. ऊन, उन्हात, उन्हाळा हे शब्द लिहून ‘ह’ कोठे लपतो व कोठे प्रकट होतो, ते मुलांनाच शोधावयास सांगावे. मग तान, तान्ह, तहान ही मालिका दाखवावी. नियम सांगण्याआधी मुलांना तो सापडू द्यावा.

३. तहान भागणे, तहानभूक हरपणे, घशाला कोरड पडणे, तहान लागल्यावर विहीर खणणे या वाक्प्रचारांचा व म्हणीचा उपयोग मुलांच्या स्वतःच्या अनुभवातील वाक्यांत करून घ्यावा. तहानलाडू-भूकलाडू घेऊन प्रवासाला निघणाऱ्या मुलाची गोष्ट आजीकडून ऐकून येण्यास सांगावे.

४. ध्वनिसाम्यापासून सावध करावे. ‘तृप्ती’ आणि ‘तृष्णा’ यांची सुरुवात सारखी असली तरी धातू वेगळे आहेत. अर्थ तर परस्परविरुद्ध आहेत. गायनातील ‘तान’ आणि बोलीतील ‘तान’ यांचा उच्चार एक, पण वंश निराळा. गायनातील तान ‘तन्’ म्हणजे ताणणे या धातूपासून आली आहे. केवळ कानाला सारखे लागते म्हणून नाते जोडू नये. शब्दांची वंशावळ पायरीपायरीने सिद्ध करावी लागते, ही शास्त्रीय दृष्टी मुलांत लहानपणीच रुजेल.

५. पाठाच्या शेवटी सर्व मुलांनी रांगेने जाऊन पाणी प्यावे.

शेवटची सूचना थट्टेची नाही. भाषेचा पाठ शब्दापाशी सुरू होतो, पण तो वस्तूपाशी पोहोचला पाहिजे. ‘तृष्णा’पासून ‘तान’पर्यंतचा दोन-तीन हजार वर्षांचा प्रवास ज्या मुलाच्या ओठांवर येऊन थांबला आहे, ते मूल वर्गात उभे राहून ‘तान लागली’ म्हणते तेव्हा ते एक जुना, कुलीन शब्द उच्चारीत असते. त्याला प्रथम पाणी द्यावे. प्रमाणरूप त्यानंतर सांगितले तरी उशीर होणार नाही. ओला झालेला घसा ते अधिक स्पष्ट उच्चारील.